तिसऱ्या दिवसाचे गहू

आमच्या आईच्या तोंडात एक शब्द होता, त्यानं माझं निम्मं तरुणपण खाल्लं. आंबू दे. काही मागा, काही विचारा, हेच. "आई, चपलेचा अंगठा तुटला, नवी घ्यायची का?" "आंबू दे जरा." "आई, शेजारच्या शिवानं मला बदडलं." "आंबू दे, संध्याकाळी बघू." ताप आला तरी आंबू दे, भांडण झालं तरी आंबू दे. मला तर लहानपणी वाटायचं, देवानं मला जन्माला घालायच्या आधी बी आईला विचारलं असंल, अन् आई म्हणली असंल आंबू दे, म्हणून मी हा असा जरा जास्तच मुरून बाहेर आलो.

बरं, एकच अर्थ असता तर माणूस शिकून तरी घेतो. आमच्यात त्या शब्दाला धरबंदच नव्हता. आण्णा, म्हणजे माझे वडील, भाजी मार्केटात हमाली करायचे. संध्याकाळी घरात पाय टाकला की ओट्यावर आडवे व्हायचे अन् म्हणायचे, "पाठ आंबली गं." म्हणजे दुखायला लागली. शेजारची काकू भिंतीपलीकडनं ओरडायची, "आमच्या सुनंचं तोंड सकाळपासनं आंबलंय." म्हणजे फुगलंय. सकाळची भाजी दुपारी आंबली तर ती थेट उकिरड्यावर. पण तेच ज्वारीचं पीठ आईनं मुद्दाम रातभर आंबवलं की त्याची आंबील, ती देवीला आधी अन् आपल्याला मागनं. म्हणजे आपोआप आंबलं तर टाकायचं, अन् आपण आंबवलं तर पाया पडून प्यायचं. मी एकदा आईला विचारलं, की ह्यातलं खरं कोणतं? आई म्हणली, "नाक कशाला दिलंय देवानं?" झालं, संपला धडा. शाळेत बी असंच व्हायचं. मी चौथीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसायला गेलो तर मास्तर म्हणले, तू बस, मीच उठतो.

आत्ता हे सांगायचं कारण म्हणजे आमची तनू. तनू माझी नात, इंदिरानगरला आम्ही तिच्या आईबापाकडंच असतो. तिनं फ्रिजमध्ये काचेच्या बरणीत पीठ अन् पाणी कालवून ठेवलंय. त्याला रोज थोडं पीठ चारायचं, पाणी पाजायचं. त्याला नाव बी ठेवलंय, गोट्या. मी चुकून गोट्याला फ्रिजच्या बाहेर काढून तिथं माझं कलिंगड ठेवलं, तर पोरगी दिवसभर माझ्याशी बोलली नाय. वर मला शिकवती, "आजोबा, आंबवलेलं पोटाला किती चांगलं असतं, माहितीये?" म्हणलं बाई, मला काय सांगती, ह्याच वासापायी तुझी आजी ह्या घरात येता येता राहिली होती. तर ती म्हणती, सांगा की मग. सांगतो.

उन्हाळ्यात आमच्या घरी कुरडया व्हायच्या. आम्ही तेव्हा पंचवटीत, मार्केटच्या मागच्या गल्लीत राहायचो. दोन खोल्या अन् मागं परसू. आता कुरडई सगळ्यांना माहिती हाय, पाकिटातली. तळायची, कुडुम करायची, संपलं. ती कशी होती ते विचारू नका, नायतर खाणार नाय. गहू पाण्यात भिजत घालायचे. रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी कायच नाय, गहू आपले निवांत पडलेले. दुसऱ्या दिवशी ताकासारखा वास. तिसऱ्या दिवशी मात्र ते जागे होत्यात. वर फेस धरतो, पिंपाला कान लावला तर आत बारीक फुसफुस चाललेली, अन् वास असा, की ओल्या गोणीत बोकड बांधून कुणीतरी ती गोणी तुमच्या उशाला ठेवलीये. त्या दिवशी आई एक दाणा चिमटीत दाबायची. पांढरं दूध टचकन बाहेर आलं की म्हणायची, आंबले. मग ते वाटायचे, फडक्यात पिळायचे, निघंल तो चीक रातभर बसू द्यायचा, अन् पहाटं चुलीवर घाटायचा. त्या गरम चिकावर कच्चं तेल अन् तिखट घालून आम्ही ताटलीभर खायचो, आण्णांना दूध-साखर लागायची. पोट भरायचं, पण मन भरायचं नाय. आता तनूला सांगितलं तर ती म्हणती रेसिपी द्या. रेसिपी काय द्यायची, आधी गल्ली द्यावी लागंल. फ्लॅटात तिसऱ्या दिवशी सोसायटीवाले पोलीस बोलावत्याल.

एक गोष्ट ध्यानात घ्या, तिसरा दिवस म्हणजे तिसराच. चौथ्या दिवसावर ढकलता येत नाय. ढकललं तर कुरडई लाल पडती अन् तेलात फुलत नाय. सगळ्या जगाला आंबू दे म्हणणारी आमची आई, त्या एका दिवशी मात्र कुणाच्या बापाचं ऐकायची नाय.

आता माझ्या लग्नाचं. तोवर तीन ठिकाणी नकार झाला होता. पहिल्या ठिकाणी म्हणले मुलगा काळा. दुसऱ्या ठिकाणी म्हणले शिकलेला नाय. तिसऱ्या ठिकाणी सगळं जुळलं होतं, पण मी पोरीच्या आजोबांना एक विनोद सांगितला, ते हसले, त्यांच्या घशात सुपारी अडकली. आजोबा वाचले, सोयरीक गेली. मग उत्तममामानं, म्हणजे आईच्या धाकट्या भावानं, कळवणकडचं स्थळ काढलं. सिंधू नाव. बघायला गेलो तर तिनं मान वर करून सरळ विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?" मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी म्हणलं, "टेम्पो रिव्हर्स घेता येतो." ती हसली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. तिथंच माझं काम झालं. त्यानंतर मला पोरीच दिसायच्या बंद झाल्या, सगळीकडं हीच.

पण तिथंच मामानं घोळ घातला. तिच्या वडलांनी, नानांनी विचारलं, शिक्षण? मामा म्हणला, सातवी पास. टेम्पो कुणाचा? मामा म्हणला, स्वतःचा. आता टेम्पो होता शेठचा, मी नुसता चालवायचो. मी बोलणार होतो, देवाशपथ बोलणार होतो, पण माझ्या तोंडात पोहे होते. गिळेस्तोवर विषय हुंड्याभांड्यावर गेला. तिच्याकडच्यांनी सांगितलं, पोरगा बरा दिसतो, आता पुढच्या आठवड्यात घर बघू अन् मग काय ते पक्कं करू. मी घरी येऊन आईच्या मागं लागलो, तू आत्ताच हो म्हणून कळव. आई म्हणली, "आंबू दे." माझं टाळकं असं सरकलं, की मी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. लागलं मलाच.

पाव्हणे पुढच्या आठवड्यात येणार म्हणून आईनं हिशोबानं आधीच गहू भिजत घातले. अन् नेमकं तिसऱ्या दिवशी, वाटायला गल्लीतल्या बाया येऊन बसल्या होत्या, मामा धापा टाकत दारात. "आक्के, पाव्हणं आजच येत्यात! नाना अन् त्यांची बहीण. इंदिरानगरला साखरपुड्याला आलेत, म्हणत्यात आलोच हाय तर घर बघून जाऊ."

"येऊ दे की," आई म्हणली.

"अगं पण हा वास!"

"मग काय झालं? गहू काय त्यांच्या अंगावर उड्या मारणार हायेत?"

मी रडकुंडीला आलो. "आई, माझं लग्न मोडंल गं. हे पिंप उचलून कुठंतरी ठेवू, ते गेले की आणू."

"हात लावशील तर हात मोडीन. आजचा दिवस हाय त्यांचा."

"अन् माझा?"

"तुझं काय, तू काय उद्या लाल पडतोस का?"

एवढं बोलून ती काकूकडं चहाचे कप मागायला गेली, अन् काकू एकदा बोलायला लागली की तासभर सोडायची नाय. पाव्हणे येणार म्हणून बायांना मीच घरी धाडलं, संध्याकाळी या म्हणलं. आण्णांनी तोवर जेवढी उदबत्ती, धूप, लोबान घरात होतं तेवढं सगळं एकदम पेटवलं. वास गेला नाय, उलट बोकडाचा अंत्यविधी चाललाय असं वाटायला लागलं. मग मी अन् आण्णांनी एकमेकांकडं बघितलं. बाप-लेकाला आयुष्यात एकाच वेळी एकच गोष्ट सुचली ती तेवढीच. पिंप उचललं, बोळातनं नेलं अन् टेम्पोच्या मागं हौद्यात ठेवलं. वर ताट, ताटावर वरवंटा, त्यावर ताडपत्री. हौद्यातनं उतरताना आण्णा वाकले ते वाकलेच. "पाठ गेली," म्हणले अन् भिंत धरून आत जाऊन पडले.

टेम्पो गल्लीच्या टोकाला लावावा म्हणून किल्ली फिरवली, तर मामा पुन्हा पळत. "काढला का? शाबास! चल, आत्याबाईंचे गुडघे धरलेत, रिक्षा मिळंना, आपल्याच टेम्पोत घेऊन येऊ." अन् तो बसला बी. मी म्हणलं, "मामा, मागं पिंप..." तो म्हणला, "हाण लवकर!" मी हाणला. शिकलेला माणूस असता तर थांबून विचार केला असता. मी विचार रस्त्यात करतो, अन् तोवर रस्ता संपलेला असतो.

साखरपुड्याच्या मांडवापाशी नाना उभे होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कडक टोपी, इस्त्री अशी की वाऱ्यावर बी हलंना. आत्याबाई नानांहून थोरल्या, घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांना केबिनमध्ये बसवलं. नाना म्हणले, "मी मागं बसतो." मी म्हणलं, "नको, मागं धूळ हाय." ते म्हणले, "शेतकरी माणसं आम्ही, धुळीला काय भ्यायचं?" चढले. मामा बी चढला अन् ताडपत्रीकडं बघून त्याचा चेहरा पडला, ते मला आरशात दिसलं.

आत्याबाई वाटेत नाक फेंदारत होत्या. "कशाचा वास हो पाव्हणं?" मी म्हणलं, "गोदावरीचा." पूल अजून लय लांब होता. मी टेम्पो बैलगाडीसारखा चालवत होतो, पण एका चौकात म्हैस आडवी आली अन् मला करकचून ब्रेक दाबावा लागला. मागं वरवंटा गडगडला, ताट वाजलं, अन् नानांचा आवाज आला. शब्द नाय, नुसता आवाज. मी मागं वळून बघितलंच नाय. काय बघायचं? गल्लीत आल्यावर ते उतरले तेव्हा धोतराला खाली नितळत होतं, टोपी बसलेली, अन् उजव्या कानाच्या पाळीवर एक गहू. मी तो हळूच काढायला गेलो, तर त्यांनी असं बघितलं की मी हात खिशात घातला.

घरात शिरलो तर धुरानं समोरचं दिसंना. आत आण्णा पालथे पडून कण्हत होते. आत्याबाई उंबऱ्यातच थांबल्या. "हाई काय शे? कोणी गेलं का काय घरात?"

तेवढ्यात आई कप घेऊन आली. पाव्हण्यांना या म्हणली नाय, बसा म्हणली नाय. कोपऱ्याकडं बघितलं. "माझं पिंप कुठंय?"

मामानं नुसतं बाहेर बोट केलं. आई टेम्पोवर चढली, आत कोपरापर्यंत हात घातला, एक दाणा काढून दाबला अन् खाली उतरली. "ऊन लागलंय. आता घटकाभर बी थांबायचं नाय. कुणी नेलं होतं?"

"आई, वास येतो म्हणून..."

"मग येऊ दे ना! चोरीचे हायेत का गहू? लपवायला काय झालं होतं तुला?"

आत्याबाई कमरेवर हात ठेवून मधी आल्या. "आम्हाला दिसू नये म्हणून लपवलं व्हय? अहो बाई, आमच्याकडं काय कुरडया करत नाय का? पण जे घर गहू लपवतं ते आणखी काय काय लपवत असंल?" त्यांनी मामाकडं बघितलं. मामा म्हणला, "मी एष्टीचा टाइम बघून येतो," अन् गेला. तो तिसऱ्या दिवशी दिसला.

नाना म्हणले, "चला आक्का. झालं घर बघून."

सिंधूचा तो पदर, ते हसणं, सगळं डोळ्यासमोरनं टेम्पोत बसून चाललंय असं वाटलं. मला रडू येत होतं, अन् तरी बी मनात येत होतं की नानांच्या कानावरचा तो गहू अजून तसाच हाय.

आई म्हणली, "असं ओलं कुठं जाता? एष्टीत कुणी शेजारी बसू द्यायचं नाय. धोतर वाळू द्या, मग जा." हे मात्र नानांना पटलं. त्यांनी आण्णांचा सदरा घातला, लुंगी नेसली, धोतर परसात दोरीवर गेलं. आत्याबाई बाजेवर टेकल्या. अन् आईनं वाटायला सुरुवात केली. बायांना मीच घालवलेलं. मी पाट्यावर बसलो, आई वाटलेलं फडक्यात भरायला लागली. आता फडकं पिळायला दोन माणसं लागत्यात, समोरासमोर, दोन टोकं धरून. आण्णा पालथे, मामा पसार. आईनं नानांकडं बघितलं.

"अहो, जरा हे टोक धरा."

नानांना कळंना, की हे आपल्यालाच म्हणली का.

"धरा की, हात काय झिजणार हायेत? वाया जातंय सगळं."

बाजेवरनं आत्याबाई म्हणल्या, "धर रे. नीट धर, सांडशील." नानांनी धरलं. एका टोकाला मी, एका टोकाला माझा होणारा का न होणारा सासरा, मधी ओलं गाठोडं, अन् खाली पातेल्यात पांढरी धार. धरलंय म्हणल्यावर बोलणं आलंच. नाना म्हणले, "टेम्पोचे हप्ते फिटले का पाव्हणं?"

मी तोंड उघडायच्या आतच आई म्हणली, "कुणाचा टेम्पो?"

"ह्यांचा. स्वतःचा हाय ना?"

"ह्याचा? ह्याच्या नावावर टेम्पो? ह्याच्या नावावर चप्पल बी नाय. शेठचा टेम्पो हाय तो."

"आई, गप की गं!"

"गप काय? अन् कुणी सांगितलं तुम्हाला?"

"उत्तमरावांनी. सातवी पास बी सांगितलं."

आई हसली. हातातलं वाटण बाजूला ठेवून हसली. "सातवी? हा चौथीतनं उठून आलाय. बेरीज मी करून देते त्याला, भाड्याची. उत्तमला मी बघते, पण तुम्ही ध्यानात ठेवा. पोरगं दारू पीत नाय, मारामारी करत नाय, कारण ती बी त्याला जमत नाय. बडबड लय करतो. कामाला उठवावं लागतं, उठला की करतो. आमच्याकडं एवढंच हाय. पटलं तर बघा, नाय तर धोतर वाळतच आलंय."

मी फडक्याचं टोक धरून उभा. हात सोडावा तर चीक सांडतो, अन् चीक सांडला तर आई जीव घेती. माझी अशी लाज काढलेली मी आजवर ऐकली नव्हती, अन् मी आयुष्यभर स्वतःची काढतच आलोय. वाटलं, आता नाना टोक सोडत्याल. सोडलं की संपलं. मी त्यांच्या हाताकडंच बघत होतो.

नानांनी टोक सोडलं नाय. मनगटाला फडक्याचा आणखी एक वेढा घातला अन् म्हणले, "पिळ की लेका, बघतोस काय? निम्मा चीक आतच हाय अजून."

सकाळपासनं ते मला अहो पाव्हणं म्हणत होते.

जाताना हो बी म्हणले नाय अन् नाय बी म्हणले नाय. कळवतो म्हणले, टोपी झटकली अन् आत्याबाईंना धरून चालत रिक्षापर्यंत गेले, टेम्पोत बसले नाय. पुढं मग होकार आला, लग्न झालं, आज सिंधूच्या गुडघ्यांचं आत्याबाईंसारखंच झालंय अन् तनूच्या गोट्याला पीठ चारायचं काम तिच्याकडंच हाय. पण होकार का आला ते मला लय वर्षं माहिती नव्हतं. मला आपलं वाटायचं, नानांनी माझ्यात काहीतरी बघितलं असंल. लोक म्हणत्यात ना, चेहऱ्यावरनं कळतं. एकदा सिंधूला मोठ्या अपेक्षेनं विचारलं, की त्या दिवशी नाना घरी आल्यावर माझ्याबद्दल काय म्हणले? ती म्हणली, जाऊ द्या. मी म्हणलं, सांग की. तर म्हणली, "अंगाला वास मारत होता त्यांच्या. आईनं अंगणातच अंघोळीला पाणी दिलं. अंघोळ झाल्यावर म्हणले, पोरगं असंतसंच हाय. पण त्याची आई लय खरी बाई हाय. देऊन टाकू."

"अन् माझ्याबद्दल?"

"सांगितलं की. असंतसंच."